हेस्टरची वेणी

यॉर्क, ९ मार्च १८७१

प्रिय हेस्टर,

मागच्या शुक्रवारी तुला पुरलं. गर्दी बरीच होती. ज्यांनी जन्मात तुला कधी चहाला बोलावलं नाही, त्या बायकाही रुमाल घेऊन आल्या होत्या. मीही रडले. तोवर मलाही ते खरंच वाटत होतं.

तुझ्या नवऱ्याच्या मटणाच्या दुकानाखाली, तळघरात, मिठाच्या पिंपात बाईचं धड सापडलं. डोकं नाही. बोटात तुझी अंगठी, शेजारी तुझी कापलेली वेणी. ईनॉक दारू पिऊन तुला मारायचा हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. मग गावाला आणखी काय हवं? त्याला त्याच दिवशी पकडलं.

सोमवारी इन्स्पेक्टर हेब्डन ती वेणी घेऊन माझ्याकडे आले. मेलेल्यांच्या केसांचे ब्रोच नि अंगठ्या विणण्यात माझा जन्म गेला, तेव्हा केस ओळखायला दुसरं कोण मिळणार? "बाई, एवढंच सांगा, केस तिचेच ना?" मी म्हटलं, "तिचेच. आम्ही एकाच टेबलाशी काम शिकलो. शंभरदा विंचरलेत मी हे." "झालं तर मग! ईनॉकचा दोर पक्का," म्हणत ते बिस्किटांकडे वळले. मी सहज भिंग लावून पाहिलं.

वेणी मुळाकडून आधी बांधली होती, मग कापली होती. दुहेरी फास, टोक आत दडवलेलं. एकही केस सुटू नये म्हणून ऑर्मरॉडबाईंनी आपल्या दोघींना शिकवलेली गाठ ती. बायकोचा गळा चिरणारा माणूस कशाला एवढ्या निगुतीनं गाठ मारत बसेल?

गाठीचं काही न सांगता मी वेणी हेब्डनना परत दिली. पण डोक्यातला किडा स्वस्थ बसू देईना. मग पिंपात कोण? तू गरीबखान्यात मेलेल्यांची कफनं शिवायला जायचीस, म्हणून तिथे गेले आणि तू नाहीशी झालीस त्या आठवड्यात कोण मेलं ते विचारलं. म्हातारा रखवालदार म्हणाला, "त्या आठवड्यात एकच गेली. नॅन स्केली, छातीच्या दुखण्यानं. तिची शवपेटी हेस्टरबाईंनी स्वतः बंद केली हो! आणि आता त्याही गेल्या बिचाऱ्या." ईनॉकची मटणाची गाडी तिथे रोज जायची, कितीदा तूच ती हाकायचीस, हे आठवलं, आणि बाकीचं आपोआप जुळलं: नॅन त्याच गाडीतून तुमच्या तळघरात आली. नॅनची बहीण दर रविवारी थडग्यावर फुलं ठेवते म्हणे. त्या पेटीत काय भरलंस गं, विटा? आणि डोकं? ते तुझ्या हातून कसं झालं? विचारवत नाही, आणि विचारल्यावाचून राहवतही नाही.

व्हिटबीचं तुझ्या मावशीचं घर माझ्याखेरीज इथे कुणाला माहीत नाही, म्हणून हे तिथे पाठवतेय. पुढच्या आठवड्यात खटला उभा राहील. येत्या सोमवारी सकाळी मी हेब्डनना ती गाठ दाखवणार आहे. पळायचं असेल तर तेवढे दिवस तुझ्या हाती आहेत. त्याआधी तू आपणहून आलीस, तर कोर्टात तुझ्या शेजारी उभी राहीन आणि तुझा हात दोनदा कसा मोडला ते सांगेन. ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं, हेस्टर, आणि मी केस विणत बसायचे. तेव्हा गप्प बसले म्हणून तुला ही वाट धरावी लागली. आता पुन्हा गप्प बसून एका माणसाला फासावर चढू देणं मला जमणार नाही, तो ईनॉक असला तरी.

तुझीच, उशिरा बोलणारी,
टॅबिथा