अंबाडीचं कपाट

९ सप्टें. २००७, रविवार

दार बसलं एकदाचं. यार्ड सेलमधून उचललेलं जुनं कपड्यांचं कपाट, आतून पांढराशुभ्र रंग, छताला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, पट्ट्यांवर लाल आणि निळे एलईडी. मागे कॉम्प्युटरचे दोन पंखे. संध्याकाळी बटण दाबलं आणि अख्खी बेडरूम जांभळी झाली. नवऱ्याची, सु.ची, प्रतिक्रिया: "मंजू, हे डान्स बारसारखं दिसतंय." बघून आलाय जसा काही!

मीटर लावून बघितलं. ९६ वॉट. घरात झाडं वाढवणाऱ्यांच्या इंटरनेट फोरमवरचे लोक चारशे वॉटचा दिवा लावतात आणि वर त्याची उष्णता बाहेर काढायला आणखी पंखे. माझं कपाट हाताला कोमट पण लागत नाही. पाच वर्षांनी सोल्डरिंग गन हातात घेतली, डाव्या अंगठ्याला चटका बसलाय, आणि मी खूश आहे. लिहून ठेवते, पुन्हा विसरायला नको.

पाच वर्षं एच-फोर. नवऱ्याच्या व्हिसाला लटकलेलं शेपूट. काम करायचं नाही, पगार घ्यायचा नाही. ऑगस्टमध्ये ग्रीन कार्डचे कागद गेले, त्याबरोबर माझ्या वर्क परमिटचाही अर्ज. परमिट आलं तर मी परत इंजिनिअर. व्हिसाचं काम बघणाऱ्या वकिलीणबाईंनी बजावलंय, तोवर पार्किंगचं तिकीटसुद्धा नको.

१६ सप्टें.

बी पेरलं. अंबाडी. जूनमध्ये नागपूरहून येताना आईने तिखटाच्या पुडीत लपवून दिलं होतं. कस्टमच्या फॉर्मवर "बियाणं आहे का" पुढे "नाही" असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं. सु.ला अजून सांगितलं नाही. त्याला ताप येईल.

आई फोनवर: "काहून गं, तिथं भाजी भेटत नाही का?" भेटते आई. अंबाडी नाही भेटत. आणि खरं सांगू का, अंबाडी हे निमित्त. मला काहीतरी बनवायचं होतं.

२५ सप्टें., मंगळ

फोरमची गंमत. एलईडीवर झाडं वाढवण्याबद्दल विचारायला दुसरीकडे कुणी भेटेना म्हणून तिथे गेले. दोन आठवडे मी त्यांना साधे शेतकरी समजत होते. मग एकाने विचारलं, "तुमची स्ट्रेन कुठली?" म्हणजे वाण. मी लिहिलं, अंबाडी. तो म्हणतो, नाव ऐकलं नाही, अस्सल भारतीय गावठी दिसतेय, रिस्पेक्ट! मग ट्यूब पेटली. हे सगळे गांजावाले!

पण बाई, करंटचं गणित चुकलं होतं ते याच लोकांनी काढून दिलं. कुणी विचारलं नाही की मिस्टर काय करतात. सु.ला सांगितलं तर तो ताडकन उठला. "हिस्टरी डिलीट कर. आत्ता." केली.

७ ऑक्टो.

सात रोपं. पानं साधी, बदामाच्या आकाराची. एक पट्टी बंद पडली, सांधा कच्चा होता, माझीच घाई. पुन्हा केला.

आजपासून टायमर बारा तास चालू, बारा तास बंद. दिवस लहान केल्याशिवाय ही फुलावर येत नाही, आणि मला पुढच्या वर्षीचं बी धरायचंय. फोरमवाले पण नेमकं हेच करतात. करेनात का.

२१ ऑक्टो., रवि

पानांना बोटं फुटली. पाच-पाच, कडेला दाते. चार दिवसांत चेहराच बदलला. मला लहानपणीची बाजारातली जुडी आठवली आणि तोंडाला पाणी सुटलं. सु. दारात उभा राहून बराच वेळ बघत होता.

"मंजू, हे त्या... टी-शर्टवरच्या पानासारखं दिसतंय."

"अंबाडी आहे रे."

"मला माहितीये अंबाडी आहे. जगाला माहितीये का?"

पुणेकर! भित्रा! पण बेडरूमला जाड पडदा लावला. तेवढं बरोबर होतं त्याचं.

६ नोव्हें.

दाराला चिठ्ठी. गुरुवारी कॉम्प्लेक्सवाले स्मोक डिटेक्टर तपासायला येणार, कुणी घरात असलंच पाहिजे असं नाही. कपाट पडद्याआड आहे, डिटेक्टर हॉलमध्ये. काही नाही होत.

९ नोव्हें., शुक्रवार सकाळ

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज सगळं लिहिते, क्रमाने.

काल अकराला मी खाली लॉन्ड्रीत. डेबी, आमच्या कॉम्प्लेक्सची मॅनेजर, आणि तिचा माणूस आले. एक डिटेक्टर बेडरूममध्येही आहे हे मी साफ विसरले होते. वर आले तर डेबी जिन्यात, माझ्याकडे न बघता भराभर उतरत होती. मी हाय म्हटलं. ती "हाय हनी" पण म्हणाली नाही.

दीडला दोन पोलीस. एक वयस्क, मिशीवाला. एक तरुण, गोरापान, सतत कमरेच्या पट्ट्याला हात. मॅम, आत येऊ का? या म्हटलं. नाही म्हणायचा हक्क असतो हे मला रात्री सु.ने सांगितलं.

कपाट उघडलं. जांभळा उजेड, दोन-दोन फुटांची सात झाडं, पंजासारखी पानं. माझं मलाच वाटलं, अरे देवा.

"व्हॉट इज धिस, मॅम?"

"व्हेजिटेबल."

तरुण हसला. मी म्हटलं थांबा, पुरावा आहे. मोठ्या हुशारीने आत जाऊन प्रिंटआउट आणलं, शास्त्रीय नावासकट. त्याच्या हातात दिलं. त्याने मोठ्याने वाचलं, हिबिस्कस कॅनाबिनस. कॅनाबिनस म्हणताना त्याच्या भुवया कपाळावर चढल्या. स्वतःच्या हाताने फास आणून दिला मी. कॅनाबिस नाही, कॅनाबिनस, पानं तशी दिसतात म्हणून नाव तसं, जास्वंदीच्या घरातली आहे ही, असं मी बोलतच राहिले आणि मलाच ते खोटं वाटायला लागलं.

मग एक पान तोडलं, तोंडात टाकलं, चावून गिळलं. आंबट! एकदम माहेरचं. डोळ्यांत पाणी आलं. मिशीवाला म्हणाला, मॅम, प्लीज पुरावा खाऊ नका.

तेवढ्यात सु. आला, ऑफिसमधून, धापा टाकत. मी फोन केला होता. कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पोलिसांना म्हणाला, "आय बिल्ट इट. माय वाइफ नोज नथिंग."

मला काय झालं माहीत नाही. भीती गेली, नुसता संताप. मी मराठीत सुरू झाले. पाच वर्षांत पहिल्यांदा काही बनवलं मी, आणि तेही तुझ्याच नावावर घालतोस? पासपोर्टवर तुझं नाव, बँकेत तुझं, व्हिसावर तुझं. हे माझं आहे! जेलमध्ये गेले तरी माझंच!

तरुणाने विचारलं, काय म्हणतायत त्या? मी इंग्रजीत म्हटलं, मी म्हणतेय की याला साधं सोल्डरिंग येत नाही.

मिशीवाला हसला. खरंच हसला. मग त्याने विचारलं, तुम्हीच बनवलं, तर सांगा कसं. सांगितलं. लाल किती, निळे किती, करंट कसा बांधून ठेवलाय, साध्या बल्बपेक्षा वीज का कमी लागते, सगळं. वीस मिनिटं तरी. मध्येच त्याने विचारलं की त्याच्या गराजमधली ट्यूब सारखी का लुकलुकते. तेही सांगितलं. तो लिहून घेत होता.

शेवटी, बी कुठून आणलं? सु. म्हणाला, दुकानातून. मी म्हटलं, नाही. आईने दिलं, मी बॅगेतून आणलं, फॉर्मवर खोटं लिहिलं. सु. भिंतीला टेकला. मिशीवाला म्हणाला, ते माझ्या खात्यात येत नाही, मॅम. पण लिहून घेतलं की नाही ते मला दिसलं नाही.

दोन झाडं मुळांसकट नेली, लॅबला. अटक नाही. "सध्या तरी नाही," तरुण म्हणाला. निकाल येईपर्यंत बाकीच्यांना हात लावू नका.

१० नोव्हें.

वकिलीणबाई फोनवर इतक्या शांत बोलल्या की मला जास्तच भीती वाटली. अटक झाली नाही म्हणजे अजून काही बिघडलं नाही. झाली, आणि लॅबवाल्यांनी चूक केली, तर माझं वर्क परमिट, सु.चं ग्रीन कार्ड, सगळं अडकेल. बियाण्याबद्दल: कुणी विचारल्याशिवाय एक शब्द नाही.

सु. जेवला नाही. मीही नाही. आमटी तशीच.

१३ नोव्हें., मंगळ

भांडलो. फार. तो म्हणाला, माझी सात वर्षं आहेत या देशात, ती एका भाजीपायी पाण्यात. मी म्हटलं, माझी पाच आहेत, आणि ती कशापायी ते सांग.

मग संध्याकाळी त्याने आपणहून चहा केला. माझ्या समोर ठेवला आणि म्हणाला, "तुला घेऊन गेले असते तर... म्हणून मी बोललो. बाकी काही नव्हतं डोक्यात."

"आणि तुला नेलं असतं तर? मी हायवेवर गाडी तरी चालवते का? सोडवायला कशी आले असते?"

दोघंही हसलो. पाच दिवसांनी. चहात साखर नव्हती, मी सांगितलं नाही.

१७ नोव्हें.

फोन नाही. डेबी लॉबीत दिसली, मेलबॉक्समध्ये तोंड घालून उभी राहिली. आई विचारते, अंबाडी कशी आहे. छान आहे आई.

२१ नोव्हें., बुध

आला! फोन आला! मिशीवाल्याचाच. "मॅम, इट्स नॉट मारिवाना." लॅबने सांगितलं, गांजाचा अंशही नाही, भेंडीच्या नात्यातलं काहीतरी. उद्याच्या सुट्टीच्या शुभेच्छा दिल्या. मी थँक्यू म्हणाले की नाही आठवत नाही. किचनच्या फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले. मग सु.ला फोन. तो मीटिंगमध्ये, नुसतं "ओके, ओके, ओके" म्हणत होता, आणि शेवटच्या ओकेला त्याचा आवाज फाटला.

सुटलो. सुटलो बाप्पा!

दोन झाडांची पानं ओरबाडली. तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची खमंग फोडणी. इंडियन स्टोअरच्या पिठाच्या भाकरी, तुटक्या झाल्या पण झाल्या. सु.ने भाजी तीनदा घेतली. ताट पुसून खाल्लं. मग म्हणतो, "हिच्यासाठी मी जेलमध्ये जायला तयार होतो, एवढी काही वाईट नाही." आज इतकं हलकं वाटतंय की भांडी पण त्यालाच घासू दिली.

२ डिसें., रवि

पहिला बर्फ. आत पहिलं फूल. फिकट पिवळं, मधे गर्द लाल डोळा. महिन्यापूर्वी फुलली असतीस तर एवढं रामायण झालं नसतं, असं मी तिला म्हटलं. सु. बघत होता. असू दे.

५ डिसें.

वकिलीणबाईंना फाइलसाठी पोलीस रिपोर्टची प्रत हवी होती. स्टेशनवर जाऊन आणली, स्वतः गाडी चालवत. हायवेने. उजव्या लेनमधून, पंचेचाळीसने, मागचे हॉर्न मारेनात का.

गाडीतच वाचला. बियाण्याबद्दल एकच ओळ, "फॅमिलीकडून". बस, तेवढंच. त्या माणसाचं भलं होवो. आणि खाली: कॅबिनेट डिझाइन्ड अँड बिल्ट बाय द वाइफ, अ‍ॅन इंजिनिअर. मी इंजिनिअर असल्याचं मी त्याला सांगितलं नव्हतं. शपथ. त्याने वीस मिनिटं ऐकून लिहिलं.

या देशातल्या माझ्या प्रत्येक कागदावर डिपेंडंट लिहिलंय. या एकावर नाही. आणि तो पोलिसांचा! दोन प्रती काढल्या. एक फाइलला, एक माझी.

११ डिसें., मंगळ

कॉम्प्लेक्सकडून पत्र, डेबीच्या सहीचं. पोलीस आले ही गोष्ट इतर भाडेकरूंना "चिंताजनक" वाटली. ३१ तारखेपर्यंत कपाट काढा, नाहीतर लीज पुढे वाढणार नाही. काही केलंच नाही हे सिद्ध झालं तरी!

सु. म्हणाला, घर बदलू. दोन मैलांवर दुसरं मिळेल. मी म्हटलं, वर्क परमिट याच पत्त्यावर येणार. ती पाकिटं पोस्ट नव्या पत्त्यावर पाठवत नाही, सरळ परत पाठवते. पत्ता बदलायचा फॉर्म वेळेत पोचला तर पोचला. त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या बायकोचं परमिटचं कार्ड असंच गेलं, सात महिने फिरत होतं.

म्हणजे एक तर कपाट, नाहीतर कार्ड. कपाट ही मी काय करू शकते त्याची खूण, आणि कार्ड म्हणजे ते करायची परवानगी.

"तू बनवलंयस," सु. म्हणाला, "तू ठरव. मी दोन्हीला तयार आहे." माझ्या नावावर घातलं शेवटी बाबाने.

१४ डिसें., शुक्र

इमिग्रेशनच्या साइटवर परमिटचं स्टेटस तेच, पेंडिंग. बाहेर दीड फूट बर्फ, पोस्टमन आलाच नाही.

सकाळपासून डेबीला पत्र लिहितेय. आधी माफीचं लिहिलं, ते फाडलं. आता साधं लिहिलंय: कपाटाला किती वीज लागते, उष्णता किती, आगीचा धोका का नाही, त्यांच्याच कॉरिडॉरमधल्या दिव्यांनी वीज किती जास्त जाते, आणि ते बदलायचे असतील तर कसे. रिपोर्टमधला लॅबचा निकाल जोडला. शेवटी मागणी एकच, कपाट इथेच राहू द्या. दीड पान झालं. एकही वाक्य सु.कडून तपासून घेतलं नाही.

खाली सही केली आणि नावापुढे बी.ई., इलेक्ट्रॉनिक्स असं लिहिलं. पाच वर्षांत लिहिलं नव्हतं, पेन जरा अडखळलं. पाकीट बंद करून टेबलावर ठेवलंय. डेबीचं ऑफिस पाचला बंद होतं. आत्ता चार वाजून दहा मिनिटं झालीयेत, आणि मी बूट घातलेत.