तोंडाचा गिलावा

आदरणीय वन्संना,

भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकले नाही, पण पत्रात कोण बघतंय.) तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला की अजून गल्ली जागवतोय? तुम्ही विचारलंत की तोंड आलंय म्हणजे नेमकं काय झालंय, आणि मी येऊन राहू का. तर सगळं सांगते, मग तुम्हीच ठरवा.

केमोच्या डोसनंतर तोंड आलं ते असं की जिभेवर, गालाच्या आत, ओठामागे, जागा मिळेल तिथे फोड. पाणी गिळायचं तरी काचा गिळल्यासारखं. बोलणं बंद. माझं, वन्सं! भाजीच्या गाळ्यावरून पलीकडच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक ओढणारी मी, ती खुणा करत बसले. त्यात डॉक्टरांनी दम भरला की खाल्लं नाही, वजन उतरलं, तर पुढचा डोस लांबणीवर. मला हे दुखणं एकदाचं उरकायचंय. वाट बघणं माझ्याच्याने होत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे (लग्नात फोटोवाल्याला मीच हाकललं होतं).

नर्सबाई म्हणाल्या, मोठा पेलाभर पाणी, त्यात जरासं मीठ, जरासा खायचा सोडा, आणि सारख्या चुळा भरा. सांगितलं तुमच्या बंधुराजांना. आता ते पडले गवंडी. कानात मीठ, सोडा, पाणी गेलं आणि डोक्यात सिमेंट-वाळूचा हिशेब सुरू झाला, एकास चार. एक वाटी मीठ-सोडा, चार वाट्या पाणी, थापी हाताशी नव्हती म्हणून पळीने कालवलं. मी चूळ भरली आणि मोरीतून थेट जिन्यात. शेजारच्या शिंपीणबाईंना वाटलं आग लागली, त्या बादली घेऊन आल्या.

मग नर्सबाईंनी बंधुराजांना समोर बसवून चमच्याने दाखवलं. तेव्हापासून दुसरंच खूळ. म्हणे नवा गिलावा आणि तोंड सारखंच, पाणी मारत राहिलं नाही तर तडे जातात. जेवणाच्या सुट्टीत कामावरून घरी येतात, चूळ भर. संध्याकाळी चप्पल काढायच्या आधी, चूळ भर. मग बॅटरी लावून आत बघतात आणि सांगतात, "उजवी बाजू धरली, डावीकडे अजून खडबडीत आहे." मी काय भिंत आहे? पाटीवर लिहून भांडले, तर म्हणाले अक्षर लागत नाही.

खाण्याची तीच तऱ्हा. दुधात भात मऊ शिजवायचा, केळं कुस्करायचं, आणि सगळं वाळूच्या चाळणीतून गाळायचं (चाळणी नवीन आहे, खुणेने आधी तेच विचारलं). चव विचाराल तर चुन्याची. जेवणाआधी तोंड बधिर करायचं औषध फिरवून थुंकायचं असतं. मी घाईघाईत लगेच वाटी लावली, ओठ कुठे संपतात तेच कळेना. अर्धं घशातून गेलं, अर्धं गळ्यावरून. बंधुराज स्वतःही माझ्यासमोर तेच गिळतात, आणि वाटी संपेपर्यंत बोलत बसतात. हो, बोलतात! इतकी वर्षं "हं" पलीकडे गाडी गेली नाही. म्हणाले, तू कधी मधे जागाच सोडली नाहीस. लहानपणी ते विटांची घरं बांधायचे आणि तुम्ही लाथ मारून पाडायचात, हे मला आत्ता कळलं.

काल वजन झालं. काटा उतरला नाही, उलट जरा वर. डोस ठरल्या दिवशीच. बंधुराज काट्याकडे असे बघत होते, जणू ओळंबा लावल्यावर भिंत सरळ निघाली.

तेव्हा यायची तसदी घेऊ नका. आमचं बरं चाललंय.

तुमची भावजय

ता. क. येणारच असाल तर तुमच्या हातचं लाल तिखट आणा. लहान डबीत, पिशवीच्या तळाशी.

आणखी एक ता. क. तिखट कसं चालेल म्हणाल. तोंड बरं झालंय. काल डॉक्टर साफ आहे म्हणाले, तेव्हा बंधुराज औषधांच्या रांगेत होते. मी अजून खुणाच करतेय. माझं तोंड सुरू झालं की त्यांचं बंद होईल, म्हणून. सांगू नका.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बंधुराज बॅटरी घेऊन आले. आत बराच वेळ बघितलं. म्हणाले, "अजून काम बाकी आहे, बोलू नकोस," आणि भात गाळायला गेले. वन्सं, मी आरशात बघितलंय, आत एक ठिपका नाही. एवढ्या मुरलेल्या गवंड्याला भिंत वाळलेली दिसत नाही होय? तेव्हा आलात तर दोघांनाही काही बोलू नका. आणि डबी मोठी आणा, ते पण किती दिवस चुना खातील.