मशीन जिंकलं ती संध्याकाळ

रहाटणी,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय निरंजन,

नमस्कार. माझी तब्येत बरी आहे. तुझीही असेल, बक्षीस मिळालेल्या माणसाला काय होतंय.

भोसरीला यायला एक बस पुरते, तरी पत्र लिहितोय. फोनवर तू 'अरे भावा' म्हणालास की माझा राग निम्मा होतो, आणि आज तो मला पुरा हवा आहे.

मी इथे एका सोसायटीच्या गेटवर आहे. येणाऱ्याचा फोटो काढायचा, घरमालकाने मोबाइलवर हो म्हटलं की आत सोडायचं. सात वर्षं ब्रेकच्या पिना डोळ्यांनी तपासल्या, आता पिझ्झावाले तपासतो. चहा मात्र चांगला मिळतो.

काल शेखरचा फोन आला. कंपनीतल्या आपल्या ठेकेदाराचा माणूस तो, कामाशिवाय फोन करणाऱ्यांतला नाही. म्हणाला, "ज्योती, साहेब तुझी आठवण काढतायत राव. मशीन तडा गेलेल्या पिना सोडतंय, माल परत आलाय. पंधरा दिवस ये, शेजारी बस, त्याला जरा शिकव." मी म्हटलं, विचार करतो. विचार कसला करायचाय? मशीन का चुकतंय ते मला माहीत आहे. तुला नाही.

आपली खोली आठव. पहिली शिफ्ट करून चाकणहून यायचो आणि बूट काढायच्या आधी तू कॉम्प्युटर चालू करायचास. सुरुवातीला गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. मग एकदा म्हणालास, "दिवसभर कंपनीचं करतो, आता काहीतरी आपलं करू." जुना मोबाइल कॅमेरा खाली करून टेबलावर टांगलास, कॉम्प्युटरला जोडलास, भंगारातून चांगल्या-वाईट पिना वेचून आणल्यास आणि आपला गेम तयार झाला. पीस चांगला की खराब, मी ओळखतो की मशीन. वाद झाला तर माझा शब्द शेवटचा, आणि त्यावरून मशीन शिकणार. रोज मीच जिंकायचो. तू त्या मोबाइलला साहेबांचं नाव घेऊन शिव्या द्यायचास आणि आपण पोट धरून हसायचो. दोघांचंही डोकं हलकं व्हायचं, हे मी नाकारत नाही.

गणपतीनंतरचा तो शुक्रवार. लाइन बंद पडली म्हणून साहेबांनी तुला सगळ्यांसमोर झापलं होतं. येऊन भिंतीकडे तोंड करून पडलास. जेवला नाहीस, राजीनामा देतो म्हणत होतास. मीच तुला ओढून खेळायला बसवलं. त्या दिवशीच्या पिनांत काहींना डोक्याखालच्या कड्याशी, कॉलरजवळ, केसाएवढा तडा होता. मशीन त्यांना चांगलं म्हणत होतं. मला तडा स्वच्छ दिसत होता.

तरी मी म्हणालो, "मीच चुकलो राव, पीस चांगला आहे."

एकदा नाही, नऊ वेळा म्हणालो. तुझं तोंड बघवत नव्हतं रे. मशीन जिंकलं, तू कॉटवर उड्या मारल्यास, खाली पळत जाऊन मिसळ आणलीस. मला वाटलं, खेळात हरलो तर आपलं काय जातंय!

पुढच्या महिन्यात कंपनीत सुधारणा सुचवायची कायझन स्पर्धा झाली. तिथे तू ते 'आपलं' मशीन एकट्याच्या नावावर ठेवलंस. मला विचारलंही नाहीस. नोटीस बोर्डावर तुझा फोटो आणि खाली ओळ: 'अनुभवी तपासनिसालाही हरवणारी यंत्रणा'. तो अनुभवी तपासनीस आठवड्याभरात टेबलासकट बाहेर. तू म्हणालास, "माणसं काढतील हे मला माहीत नव्हतं." टेबलाशी आम्ही चौघं बसायचो, निरंजन. मशीनला बसायला खुर्ची लागत नाही, एवढं तरी माहीत होतं ना?

तेव्हा मी भांडलो नाही. तुला वाटलं असेल, ज्योतीराम साधा आहे. साधाबिधा काही नाही, मी खोटं बोललो होतो म्हणून गप्प बसलो.

सोजरबाई अकरा वर्षं त्या टेबलावर होत्या. आता याच सोसायटीत घरोघरी पोळ्या करतात. परवा गेटवर थांबल्या आणि म्हणाल्या, "तू हारलास म्हंजी माजी नजर तर गेलीच आसंल. चष्मा करून घिऊ व्हय रे?" मी त्यांना पाणी दिलं. खरं बोलायला तोंड उघडलं नाही. लाज वाटली.

तर ऐक. मी गप्प राहिलो तर पंधरा दिवसांचं काम आहे, ताणलं तर महिन्याभराचं. पण त्या पिना कुणाच्या तरी ब्रेकमध्ये जाणार, आणि ते माझ्याच्याने सहन होत नाही. पीस तिरपा धर, उजेड बाजूने घे, कॉलरच्या आतल्या कडेला बघ. त्या शुक्रवारी मी दिलेली नऊ उत्तरं खोडून टाक आणि त्याला नव्याने शिकव. तुझ्याच्याने होईल. म्हणजे आता मला बोलवायचीही गरज उरली नाही. शेखरला मी नाही म्हणून कळवतो.

सोजरबाईंना आज संध्याकाळी मी खरं सांगणार आहे. त्या जे बोलतील ते ऐकून घेईन. तू नोटीस बोर्डावरची ती ओळ तेवढी काढून टाक. फोटो राहू दे, चांगला आलाय.

एकदाही न हरलेला,
ज्योतीराम