मुकर्रर

अकोला, माघ, १९३६

भगवंताच्या बाबांस,
वच्छलाचा नमस्कार.

काल दुपारी उर्दू शाळेत मुशायरा होता. हार देऊन मी परतली नाही, बायांसाठी लावलेल्या चिकाच्या पडद्यामागं बसली. मले उर्दू कुठं समजते? पण एका म्हाताऱ्या शायरानं दोन ओळी म्हटल्या अन् सारे 'मुकर्रर, मुकर्रर' म्हणाले. त्यानं त्याच ओळी पुन्हा म्हटल्या.

दरसाल हार घेऊन तुमीच जात होते. तिथून हा शब्द घरी आणला. मी 'जेवाले या' म्हटलं की तुमी म्हणायचे, 'मुकर्रर.' मी हासून पुन्हा बोलवत होती.

दोन वर्षांमागं भांडणात मी म्हटलं, 'निंगून जा मंग.' तुमी जोडे घालता घालता थांबले, जरासे हासले अन् म्हणाले, 'मुकर्रर.'

मले शब्द बदलता आले असते. मी तेच पुन्हा म्हटलं.

लोकाले सांगते, नागपूरच्या गिरणीत गेले. तुमचा पत्ता मले ठाव नाही, म्हणून हे पत्र फुलांच्या टोपल्यातच ठेवून राहिली.

एकडाव दारात येऊन 'मुकर्रर' म्हणा. या वक्ती मी दुसरं बोलीन.

तुमची,
वच्छला