निळा नमुना आणि उलटी पट्टी

रविवार, १२ ऑक्टोबर
सकाळ

प्रिय डावरे,

आशीर्वाद. ते न लिहिताही पोचतात, पण आईने पत्र उघडलं आणि सुरुवातीला आशीर्वाद दिसले नाहीत तर मला दुसरा चहा मिळायचा नाही.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प बसतो. डॉक्टर म्हणतात चढू नका, आणि आपण राहतो तिसऱ्या मजल्यावर. न्हाणीघरातला नळ मी स्वतः दुरुस्त केला. आता तो दोन ठिकाणी गळतो. तुझी खोली रंगवून घेतली. आईला निळी हवी होती. मी म्हटलं, घरात तरी निळा नको, जन्मभर त्याच्याच मागे धावतोय. शेवटी पांढरी केली.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. फोनवर तू आईला विचारलंस, आमचा नमुना बाबांच्या खोलीत तपासला का? मला विचारलं नाहीस. कामाबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही हा आपला ठराव. पहिल्या नोकरीत लोक तुला माझ्या नावाने ओळखायला लागले, तेव्हा तूच तो केलास आणि मी तो पाळला. (जीभ वळवळायची, पण पाळला.) आई म्हणाली, नमुना पास झाला म्हणून कंपनीत सगळे आनंदाने नाचतायत आणि तू एकटी तोंड पाडून बसली आहेस. जेवणाच्या टेबलावर कोणीतरी म्हणालं म्हणे, ‘वडील चाचणीत असले की निळासुद्धा टिकतो.’

आधी उत्तर, मग पाल्हाळ. हो, नमुना आमच्याच खोलीत आला होता. आणि नाही, मी तो तपासला नाही. तुझा निळा स्वतःच्या पायांवर उभा राहिलाय.

आता पाल्हाळ. तुला यातलं बरंच ठाऊक आहे, पण हे पत्र तुझ्याआधी आई वाचणार, आणि ती अजून शेजारणींना सांगते की आमचे हे बल्ब तपासतात. तर आईसाठी लिहितो. पडद्याला उजेड देणारी एक भुकटी असते. तिच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध इरिडियम नावाच्या महागड्या धातूचा एक अणू असतो आणि भोवतीची कार्बनची कडी त्याला धरून बसतात. ही भुकटी निर्वात पेटीत तापवायची, काचेवर तिचा अगदी पातळ थर चढवायचा आणि वीज द्यायची. तांबडी भुकटी टिकते, हिरवी टिकते. निळा मात्र उतावळा. त्याच्या उजेडात जोर फार, आणि त्याच जोराने तो स्वतःचे बंध तोडत बसतो. आमचं काम म्हणजे तिन्ही रंग शेजारी शेजारी लावायचे आणि कोणाचा उजेड किती दिवसांत निम्मा होतो ते मोजायचं. तांबडा-हिरवा ऐटीत जळत असतात आणि निळा मान टाकतो. उमेदीच्या वर्षांत मीही निळे बनवले. एकही धड टिकला नाही. मग बनवायचं सोडून दुसऱ्यांचे मोजायला बसलो.

नमुने आमच्याकडे नुसत्या आकड्याने येतात. कुठली कंपनी, कोणाचा हात, काही कळत नाही. तशीच ती बाटली आली. झाकणाभोवतीची पट्टी सोडायला मी नेहमीसारखं बोट लावलं तर पट्टी सुटेना. बाटली फिरवून पाहिली. पट्टी उलट्या दिशेने गुंडाळली होती, तुझ्यासारख्या डाव्या हाताने. जगात डावखुरे काय कमी आहेत? पण टोकाला पट्टी जराशी दुमडून एक कान काढलेला होता, उघडणाऱ्याला नखं लावायला लागू नयेत म्हणून. शाळेच्या वह्यांना कव्हरं घालताना तू असाच कान काढायचीस.

मी बाटली खाली ठेवली. मग उठून आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंकडे गेलो.

“बाई, हा नमुना मी हातात घेत नाही.”

“का हो? बाटली फुटली का?”

“माझ्या मुलीचा असावा.”

“नाव थोडंच असतं त्यावर?”

“नाव नाही. पट्टी आहे.”

बाई आधी हसल्या. मग माझं तोंड पाहून त्यांनी हसू आवरलं. “दुसऱ्या कोणाला देऊ मग?”

“लिंबूला द्या,” मी म्हणालो.

लिंबू म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. आईसाठी पुन्हा: त्याला कोणी हसताना पाहिलेलं नाही, म्हणून हे नाव. नमुन्यात तीळभर खोट दिसली की तो भोपळ्याएवढी करून लिहितो, आणि माझ्याशी तर त्याचं कधीच पटलं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतात ना? लिंबूकडे सगळीच कार्टी. मला तसाच माणूस हवा होता. नमुना त्याच्याकडे का दिला, हे बाईंनी त्याला सांगितलं नाही.

त्यानंतर आतल्या खोलीत मी पाऊल टाकलं नाही. तिच्या दाराला काचेची खिडकी आहे, तिच्यातून नमुने जळताना दिसतात. जाता-येता मी मान खाली घालून चालायचो. झाडू मारणाऱ्या मावशींनी एकदा थांबवून विचारलं, “साहेब, काही पडलंय का तुमचं? रोज शोधताय.” काय सांगणार? म्हटलं, “हो, सापडेल.” आयुष्यभर ज्या रंगाची वाट पाहिली तो पलीकडे जळत होता, माझ्याच मुलीने बनवलेला, आणि मी फरशा बघत होतो. एकदा वाटलं, नुसता डोळा लावायला काय हरकत आहे? नाही लावला. मी पाहिला असता तर तो थोडा माझा झाला असता, आणि तुला तो अख्खा तुझा हवा होता.

अहवालावर सही झाली तेव्हा बाईंनी लिंबूला खरं काय ते सांगितलं. तो तडक माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“तुझी कार्टी हट्टी दिसते.”

“का रे, काय झालं?”

“विझायचं नाव घेत नाही.”

एवढं बोलून तो गेला. त्याच्या तोंडून निघालेलं हे सर्वांत मोठं कौतुक, लिहून ठेव. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग अंगावर मूठभर मांस चढलं. ठराव मोडला, तोही कबूल करतो. खाली उतरताना पहारेकऱ्याला सांगितलं, मावशींना सांगितलं, उपाहारगृहात रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं. तो म्हणाला, “अभिनंदन, पण तुमची थाळी गार होतेय.” होऊ दे म्हटलं.

अहवालासोबत बाईंनी तुमच्या साहेबांना सगळं कळवलंय. मी केव्हा बाजूला झालो, नमुना कोणाकडे गेला, सगळं. जेवणाच्या टेबलापर्यंत ते पोचलं नाही इतकंच. पुन्हा कोणी काही म्हणालं तर त्याला लिंबूकडे पाठव. जन्मात परत बोलणार नाही.

आता एक गोष्ट लिहायची टाळत होतो. नळ, गुडघा, रंग, सगळं त्यासाठीच. आईलासुद्धा काल सांगितली, तर ती भाजी चिरता चिरता थांबली. येत्या शनिवारी मी निवृत्त होतोय. बाई दोन वर्षं वाढवून द्यायला तयार होत्या, मीच नको म्हणालो. त्याग वगैरे समजून डोळे पुसू नकोस. तुझे नमुने आता येत राहणार, आणि दर वेळी मी मान खाली घालून फिरायचं? मान दुखते माझी.

तुझा निळा अजून आत जळतोय. कसोटी केव्हाच पार झाली, तरी तो किती जातो ते बघू, म्हणून लिंबूने चालू ठेवलाय. शनिवारी सगळ्यांचे निरोप झाले की मी आत जाणार आहे. आता पाहायला हरकत नाही, अहवाल गेलाय. त्या खोलीत आजवर आलेला प्रत्येक निळा माझ्या डोळ्यांदेखत विझला, माझेसुद्धा. शनिवारी तुझा जळता ठेवून दार ओढून घेईन आणि मीच आधी निघेन.

तुझ्या निळ्याआधी निवृत्त होणारा,

बाबा