दार बंद म्हणजे आत कोणी नाही

प्रिय वहिनी,

‘वहिनी’ लिहिलं म्हणून लगेच नाक मुरडू नकोस. एरवी मी त्या नावाने हाक मारते ती तुला चिडवायला, पण आज चिडवत नाहीये. आणि फोन न करता पत्र का, तर फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलूच देत नाहीस. शनिवारचं आठव. मी नुसतं हॅलो म्हणाले आणि तुझा पट्टा सुरू झाला. म्हणे माझ्या प्रोग्रॅमने तुझ्या नळ्यांची अदलाबदल केली, तीन वर्षांची मेहनत मातीत घातली, आणि शुक्रवारच्या बैठकीत तू हे सगळ्यांसमोर लेखी देणार. सोमवारी मशीनवर पहिला पेशंट झोपणार आहे, तोवर मी चूक शोधून द्यावी, नाहीतर गुमान ऐकून घ्यावं. आज गुरुवार. चूक सापडली आहे. फक्त एक कर, पान उलटून आधी शेवट वाचू नकोस. कादंबऱ्यांच्या बाबतीत तुझी ती खोड मी कॉलेजपासून सहन करतेय, आज नको. ओळीने वाच.

आधी कबूल करते, मला तुझा भयंकर राग आला होता. अगं, तुला दादाशी मी गाठ घालून दिली, होस्टेलात तुझ्या बेडकांच्या बरण्या माझ्या पलंगाखाली ठेवू दिल्या, आणि तू मला बैठकीत उभं करणार? पण आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? आईकडे केली. तर तिने उलट विचारलं की तुम्ही तिघं एकाच इमारतीत नक्की करता तरी काय. मी सांगितलं, दादा कॅन्सरच्या गाठी जाळायला त्या मशीनमधून किरणांचा बीम सोडतो. त्या बीमने माणसाच्या रक्तात काय मोडतोड होते ते वहिनी मोजते. आणि मशीनने काय कधीच करायचं नाही ते मी लिहिते, एकेक नियम गणितात मांडून, त्यातून पळवाट निघत नाही हे सिद्ध करून. आई म्हणाली, म्हणजे घरात करतेस तेच. दादा मला बाई पणपरंतु म्हणतो ते उगाच नाही.

तर बाई पणपरंतु शनिवारपासून तुझ्या नळ्यांच्या मागे लागली. तुझी तक्रार अशी: बीमखाली ठेवलेल्या रक्ताच्या नळ्यांचे आकडे बरोबर येतात, पण ज्या नळीला बीम लागतच नाही, ती तुझी कंट्रोलची नळी, तिच्यातही मोडून भलतीकडे जोडली गेलेली गुणसूत्रं दिसतात. हजार पेशींत असं एखादं सापडलं तर तू नाक मुरडत नाहीस. इथे पाचशे पेशींत सतरा. एकदा नाही, लागोपाठ तीन बॅचमध्ये. तू इनक्युबेटर बदललास, रसायनं फेकून नवी मागवलीस, त्या बिचाऱ्या लॅब असिस्टंटला दोनदा रडवलंस, आणि सगळं करून थकल्यावर नळ्यांची नोंद ठेवणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमवर बोट ठेवलंस, की लेबलं यानेच बदलली असणार. साप साप म्हणून भुई धोपटणं याला म्हणतात, असं मी मनात म्हटलं. मनातच, कारण चूक माझी निघाली असती तर कुठे तोंड लपवणार होते?

मंगळवारी दुपारपर्यंत माझं काम झालं. प्रत्येक नळी, प्रत्येक लेबल, कुणी कधी स्कॅन केलं, कुठल्या खणात ठेवलं, सगळं ताडून पाहिलं. एकाही नळीची अदलाबदल झालेली नाही. कंट्रोलवर कंट्रोलचंच लेबल होतं. तुला खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी कँटीनमध्ये जाऊन दोन कप कॉफी प्यायले आणि तुला कसं सुनवायचं याची वाक्यं जुळवत बसले. फार छान वाक्यं होती. त्यातलं एकही आता वापरण्यासारखं राहिलं नाही.

कारण परत येऊन मी अहवाल लिहायला घेतला, आणि त्यात एक रकाना असतो, रक्त कुणाचं. बीमखालच्या नळ्यांत रक्तपेढीतून आलेलं, वेगवेगळ्या लोकांचं. कंट्रोलच्या नळीत मात्र तीन वर्षं एकच सही. तुझी. तू स्वतःच्या हाताला सुई टोचून घेतेस, कारण तुझ्या मते घरात सगळ्यात साधं सरळ रक्त तुझंच. मी मागच्या सगळ्या नोंदी काढल्या. पहिली अकरा कंट्रोल स्वच्छ होती, कुठे शून्य, कुठे एक. मग गेल्या महिन्याच्या आधीच्या महिन्यातली चौदा तारीख ओलांडली आणि तिथून पुढच्या तिन्ही खराब. अधलंमधलं काही नाही.

चौदा तारीख तुला आठवते का? मला आठवते, कारण त्या संध्याकाळी आपण सगळे आईकडे जेवायला होतो. दादा ताटावर बसल्यापासून दाराच्या स्विचला शिव्या घालत होता. सकाळी ऐन बीम चालू असताना पुन्हा दार उघडल्याचं दाखवून मशीन बंद पडलं, या महिन्यातली चौथी वेळ, तो स्विच एक दिवस उपटून टाकतो म्हणाला. आणि तू समोर बसून भात नुसता चिवडत होतीस. मळमळतंय म्हणालीस, मग उठून बाथरूममध्ये गेलीस. आई माझ्याकडे बघून हसली. मीही निर्लज्जासारखं विचारलं, काय गं, गोड बातमी का? तुझा चेहरा उतरला होता. कँटीनचं काहीतरी बाधलं म्हणालीस आणि विषय बदललास. वहिनी, दादाचा स्विच आणि तुझी मळमळ एकाच टेबलावर होती. मध्ये फक्त पाण्याचा जग होता. आणि बाई पणपरंतु, जिला घरात कुणी कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघायची सवय, ती तिथे बसून वाटीभर आमटी ओरपत होती.

मी मशीनची चौदा तारखेची नोंद काढली. अकरा वाजून वीस मिनिटांनी असिस्टंटने बाहेरून दार लावलं. अकरा बाविसला कन्सोलवरून बीम सुरू झाला. बावन्न सेकंदांनी दार उघडलं आणि बीम बंद झाला. दादाने रजिस्टरमध्ये लिहिलंय, स्विच पुन्हा बिघडला. पण मशीन त्याच्यापेक्षा नीट लिहितं. दार कुठल्या बटणाने उघडलं तेही त्यात असतं. आधीच्या तिन्ही वेळा ती जागा कोरी आहे, म्हणजे स्विच खरंच नाटकं करतो. चौदा तारखेला तिथे लिहिलंय, आतलं बटण.

तू आत होतीस. नळ्या बुडवायच्या पाण्याच्या टाकीचा पंप अडला की तू मशीनच्या मागे उकिडवी बसून तो खोलतेस, कॅमेऱ्यात ती बाजू दिसत नाही. तुझा एप्रन बाहेर खुंटीवर होता, बाह्या पाण्यात बुडतात म्हणून तू तो काढून जातेस, आणि अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा तुझा बॅज त्या एप्रनलाच लावलेला असतो. म्हणून महिन्याच्या तपासणीत बॅज कोरा आला. खुंटीला रेडिएशन लागलं नाही, एवढंच त्याने खरं सांगितलं. बीम सुरू होताना वाजतो तो भोंगा वाजलाच असेल, पण त्याच्या तोंडात तूच कापसाचा बोळा कोंबला होतास, कान किटतात म्हणून, आणि आम्ही सगळे त्यावर हसलो होतो. तू ट्रे हातात घेऊन कोपराने आतलं बटण दाबून निघालीस, दाराबाहेर कुणी नव्हतं, दादा खालच्या मजल्यावर कन्सोलपाशी. बीम अजून सुरूच झाला नाही असं तू धरून चाललीस. त्याने धरलं, स्विच बिघडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं म्हणतात ना, तसं तू दोन महिने सगळ्या लॅबमध्ये चूक शोधत होतीस आणि ती तुझ्या दंडातल्या शिरेत होती. तुझं मोजमाप बरोबर आहे. तीन वर्षांतलं तुझं काहीही वाया गेलेलं नाही. असं होऊन ते बरोबर ठरायला नको होतं.

आता माझं ऐक. मशीनच्या नियमांचं जे स्पेसिफिकेशन मी लिहिलं, त्याच्या चौथ्या पानावर गृहीतकं आहेत. गृहीतक म्हणजे जे आपण सिद्ध करत नाही, खरं मानून पुढे जातो. तिसरी ओळ: दार बंद म्हणजे आत कोणी नाही. पुढची दोनशे पानं मी त्या ओळीवर उभी केली आणि एकही पळवाट नाही असं सिद्ध करून दाखवलं, टाळ्या घेतल्या. ती ओळ लिहिण्याआधी मी दादाला विचारलं होतं. आमच्या दोघांच्या हातात चहा होता. तो हसला, म्हणाला, आत काय भूत राहणार आहे? दार उघडायच्या बटणाखेरीज आतल्या भिंतीवर तपासणीचं आणखी एक बटण असावं, शेवटच्या माणसाने सगळीकडे फिरून ते दाबल्याशिवाय बीम सुरूच होऊ नये, असा माझा आग्रह होता. प्रत्येक नळीमागे तेवढा वेळ कोण घालवणार, म्हणून तुम्ही दोघांनी मला वेड्यात काढलंत. पण तुमच्यावर ढकलत नाही. तुम्ही हसलात, सही मी केली. आयुष्यात एकदाच मी पणपरंतु केलं नाही.

आज सकाळी ती सही मी मागे घेतली. मशीन बंद आहे, सोमवारचा पेशंट पुढे ढकलला आहे, ते तपासणीचं बटण बसेपर्यंत कुणी त्याला हात लावणार नाही. दादाचे सात फोन येऊन गेले. आठवा उचलला. एवढी वर्षं खपून मशीन उभं केलं आणि बहिणीनेच पाचर मारली, असं तो म्हणाला, अजूनही बरंच काही म्हणाला. मी कारण सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हटलं की संध्याकाळी घरी बोलू. तो माझ्यावर चिडलाय ते बरंच आहे. चिडलाय तोवर त्याला काही कळलेलं नाही.

हे पत्र चूक मान्य करायला लिहिलंय असं तुला वाटत असेल. ते मी बैठकीतही केलं असतं. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघते, आणि दार लावून स्वतःच्याच रक्ताच्या आणखी पाचशे पेशी मोजायला बसली असतीस. दोन दिवस, तीन दिवस, कुणाला न सांगता. मी तुला ओळखते गं. म्हणून सगळ्या नोंदी सोबत जोडल्या आहेत, तुला हवं तेवढं तपास, पण दहा मिनिटांत. किती मोडतोड म्हणजे किती रेडिएशन, त्या तुझ्याच आलेखावर सतरा कुठे बसतात ते मी बघितलं. आकडा लिहीत नाही, तुला पाठ आहे. ज्यांचं हेच काम आहे त्या डॉक्टरांना तुझं नाव न सांगता विचारलं. म्हणाल्या, घाबरून जावं इतकं नाही, पण एक दिवसही अंगावर काढावं इतकं थोडंही नाही. आज दुपारी साडेबाराची वेळ घेतली आहे. रक्त त्या घेतील, मोजतील दुसऱ्या गावच्या लॅबमधले लोक, तुला मायक्रोस्कोपला हात लावू देणार नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवलंय. दादाला अजून माहीत नाही की त्या दिवशी त्याने बीम सुरू केला तेव्हा आत कोण होतं. त्याला तू सांगायचं की मी, ते वाटेत ठरवू. मला भीती वाटतेय, वहिनी, आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगू ते कळत नाहीये. हे पत्र असिस्टंटच्या हाती वर पाठवतेय. मी खाली, तुझ्या खिडकीसमोर गाडीत बसलेय. खुंटीवरचा एप्रन तिथेच राहू दे, बॅज तेवढा काढून घेऊन ये. तुझ्या बाजूचं दार उघडं ठेवलंय, तू बसल्याशिवाय मी ते लावणार नाही.

तुझीच,
आधी मैत्रीण, मग नणंद