संध्याकाळचे दाणे

कोपर, डोंबिवली पश्चिम
२९ नोव्हेंबर १९८७

प्रिय मालनवन्सं,

तुमचे दादा घर सोडून गेले त्याला आज पस्तीस दिवस झाले. भाऊबीजेला तुमच्याकडून ओवाळून घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी जरा जाऊन येतो म्हणून निघाले, ते निघालेच. हे पत्र लिहायला बसल्यापासून मी तीनदा उठलेय. मागच्या अंगणात पिल्लं मोकळी सोडलीत. त्यांचा आवाज थांबला की माझा जीव खाली-वर होतो.

ती गिनी कोंबडीची अंडी त्यांनीच कल्याणच्या बाजारातून आणली होती, आठवतं ना? अंगभर ठिपके, साप दिसला की अख्खी आळी डोक्यावर घेते, राखणीला बरी, असं त्यांचं म्हणणं. आमची तांबडी खुडूक बसली होती, तिच्याखाली ठेवली. गिनीला चार आठवडे लागतात, कोंबडीला तीन, म्हणून तांबडीची स्वतःची अंडी आठवड्यानं सरकवली. गणपतीत सगळी एकदमच फुटली. तेव्हा हे वागळे इस्टेटमधून आले की हातपाय न धुता आधी खुराड्यापाशी बसायचे. नवरात्रात कंपनीला टाळं लागलं, मग दिवसभरच तिथे बसायला लागले.

आणि मी, वन्सं, ते गेले त्या दिवशी सकाळी शेजारची ठमाबाई साखर मागायला आलेली असताना, तिच्यादेखत बोलून गेले की कोंबड्या निदान अंडी तरी घालतात. यांनी खुराड्याची कडी लावली, चपला घातल्या. आता लिहितानाही माझी कानशिलं तापतात.

पिल्लं मोकळी सोडायची रीत मला यांनीच सांगून ठेवलेली. तीन महिने जाळीत ठेवायची, म्हणजे घर कुठलं ते त्यांना कळतं. मग आधी अर्धीच सोडायची. आतली ओरडत राहतात, म्हणून बाहेरची लांब जात नाहीत. आणि सोडायची उपाशीपोटी, दिवस मावळायच्या तासभर आधी. डब्यात बाजरी खुळखुळवली की परत येतात. मी सगळं तस्संच केलं. तांबडीची पोरं डबा वाजताच धावत आली, पण सोडलेल्या चार गिनींपैकी एकही नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. खाडीच्या वाटेपर्यंत डबा वाजवत फिरले, आळीतली पोरं हसली मला. मुंगसानं नेली म्हणून रडून घेतलं.

चौथ्या दिवशी सापडली ती ठमाबाईच्या परसात! पोटं टम्म फुगलेली, तिच्या पेरूवर आरामात बसलेली. ही बाई रोज पाच वाजता त्यांना तांदळाची कणी टाकत होती. बिचारी भुकेली दिसली म्हणाली. असा संताप आला, पण भांडू कशाला? तिनं मायेनंच केलं होतं. हात जोडून एवढंच सांगितलं की बाई, उद्यापासून टाकू नकोस. काल डबा वाजवला तर चारही आली. एक तर पायात घुटमळून मला पाडणारच होती.

तुम्हाला हे का लिहितेय? वन्सं, सख्खा भाऊ पस्तीस दिवस बेपत्ता आणि तुम्ही कल्याणहून एकदाही धावत आला नाहीत. दोनदा निरोप तेवढा पाठवलात, काळजी करू नकोस म्हणून. एवढ्या धीराच्या तुम्ही कधीपासून झालात? मला राग नाही हो. ते उपाशी नाहीत, याचं उलट बरंच वाटतं. त्यांना सकाळचं द्या, दुपारचं द्या, चहा मागतील तेवढा द्या. फक्त संध्याकाळी वाढू नका. आणि मी चुकले, हे त्यांना तुम्ही सांगू नका. ते मला सांगायचंय.

तुमचीच,
भागीरथी